पंच्याण्णव मिनिटं

प्रश्न विचारणारी मुलगी तिसऱ्या रांगेत अगदी कडेला बसली होती. तिने हात वर केला तोही खांद्यापर्यंतच. दिसला तर दिसला, नाही तर राहिला. संपादिकेला तो दिसला. शाळेच्या ग्रंथालयातला कार्यक्रम संपत आला होता. टेबलावर ‘एका बैठकीत’ मालिकेची सहा पुस्तकं पसरून ठेवलेली, ग्रंथपालबाई घड्याळाकडे पाहत होत्या, आणि संपादिका मनातल्या मनात पर्स उचलून निघालीसुद्धा होती. “विचार ना,” ती म्हणाली. मुलगी उभी राहिली. चौदा-पंधरा वर्षांची असेल. केस घट्ट बांधलेले, गणवेशाच्या बाहीवर साबणाचा वाळलेला पांढरा डाग. “मॅडम, ‘चौथी लेन’मध्ये बाराव्या पानावर ती पोहायला निघते ना, तेव्हा कोपऱ्यावर वळण्याआधी मागे बघते आणि खिडकीतल्या हाताला हात करते. तो हात कुणाचा?”

संपादिकेने टेबलावरचं ‘चौथी लेन’ उचलून बारावं पान उघडलं. ते पुस्तक तिने किती वेळा डोळ्यांखालून घातलं होतं याची गणती नव्हती. पाचव्या आवृत्तीच्या वेळीसुद्धा तिने डोळ्यांत तेल घालून एकेक ओळ पाहिली होती. आणि तो हात तिथेच होता, बाराव्या पानावर, एवढी वर्षं. आपण आता काय म्हणणार आहोत हे तिला तोंड उघडेपर्यंत माहीत नव्हतं. तोंड उघडल्यावर मात्र शब्द सराईतासारखे आले. “तुला कुणाचा वाटतो? लेखिकेने ते मुद्दाम वाचकावर सोपवलंय. काही गोष्टी न सांगण्यातच गंमत असते.” ग्रंथपालबाईंनी कौतुकाने मान डोलावली. दोन-तीन मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं. त्या मुलीने काही उतरवलं नाही. ती म्हणाली, “मला वाटलं, तिच्या आईचा. आमच्याकडे आई असते खिडकीशी. तिला उठता येत नाही, पण हात येतो वर. उजवा. म्हणून मला वाटलं की पुढे येईल ती. मी वाट बघत होते. मग पुस्तक संपलंच.” मागे कुणीतरी खुसखुसलं. मुलगी खाली बसली आणि तिने गणवेशाची बाही दुमडून डाग आत घेतला.

निघताना ग्रंथपालबाई जिन्यापर्यंत सोडायला आल्या. संपादिकेने न विचारताच त्या सांगत राहिल्या, की त्या मुलीची आई दोन वर्षांपूर्वी शिडीवरून पडली, पाठीचा कणा दुखावला, तेव्हापासून अंथरुणाला खिळलेली आहे. वडील लांब पल्ल्याची मालगाडी चालवतात, पंधरवड्यातून चार दिवस घरी. सकाळी आईचं सगळं आवरून पोर शाळेत येते, मधल्या सुट्टीत पळत घरी जाऊन येते. “तिला वेळ म्हणून नाहीच हो. म्हणून तुमची ही छोटी पुस्तकं फार बरी पडतात. चुलीपाशी उभ्या उभ्या चार पानं, आईपाशी बसून चार पानं. खरं सांगते, अशाच मुलांसाठी काढलीत तुम्ही, पुण्य लागेल.” संपादिका हसली. जिन्याच्या कठड्याला तिने हात टेकला. लोखंड थंड होतं आणि रंगाचे पोपडे तळव्याला टोचत होते, ते बरं वाटत होतं.

अशा मुलांसाठी. मालिका काढायचं ठरलं तेव्हाची बैठक तिला रस्त्याने चालताना जशीच्या तशी दिसू लागली. मालक खुर्चीत मागे रेलून बसले होते आणि म्हणत होते, की मुलं वाचत नाहीत ही रड आता पुरे, मुलांना वेळ नाही, तर वेळेत बसेल असं द्या. तिनेच मग टेबलावर पेन आपटत म्हटलं होतं, “मुलांना वेळ असतो हो, धीर नसतो. सगळा वेळ त्या फोनमध्ये जातो. दुसऱ्या पानावर काही घडलं नाही तर पुस्तक मिटलं.” तिच्या डोळ्यांपुढे तेव्हा जी मुलं होती ती सोफ्यावर आडवी पडलेली, पायावर पाय टाकलेली, अंगठ्याने काचेवर चित्रं सरकवणारी होती. कामाने वेळ खाल्लेलं मूल तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. शंभराच्या आसपास पानं, मोठी अक्षरं, आणि पाठीवर ‘वाचनाचा वेळ’ छापायचा, ही कल्पनाही तिचीच. ‘चौथी लेन’च्या पाठीवर पंच्याण्णव मिनिटं छापलं होतं. तो वेळ तिने स्वतः काढला होता, भाचीला समोर बसवून, हातात घड्याळ घेऊन. भाची मध्ये एकदा थांबून खिडकीबाहेर बघत बसली, तर तिने तेवढी चार मिनिटं वजा केली होती. आज पहिल्यांदाच तिच्या मनात आलं, भाची त्या चार मिनिटांत काय बघत होती? कदाचित बाराव्या पानावरच थांबली असेल. विचारलं नव्हतं. नुसतं “हं, पुढे,” म्हटलं होतं.

कचेरीत तिला पाठीमागे ‘कात्री’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि खरं तर आवडायचंही. चारशे पानांचं बाड घ्यावं आणि त्यातून शंभर पानांची लखलखीत गोष्ट काढून दाखवावी, यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ‘चौथी लेन’ तसंच आलं होतं. एक निवृत्त नर्स, सगळे त्यांना नुसतं सिस्टर म्हणत, एक दिवस कापडी पिशवीतून चारशे बारा पानं घेऊन आल्या. इस्पितळातले ताप लिहायचे जुने तक्ते, एका बाजूला आखलेले चौकोन आणि पाठकोऱ्या बाजूवर ठळक, सरळ, एकाही खाडाखोडीशिवाय लिहिलेलं अक्षर. गोष्ट एका मुलीची होती. तिला पोहण्याच्या शर्यतीत उतरायचं असतं, आणि घरी तिची अक्का असते, मोठी बहीण, लहानपणच्या आजाराने कायमची पडून असलेली. पोहण्याचा भाग झकास होता. शिट्टी, पाण्याचा वास, कानात दडे बसणं, चौथ्या लेनमधून पहिल्यांदा निघालेली ती धडपडी मुलगी. पण मध्येच अकरा प्रकरणं अशी होती की त्यांत काहीच घडत नव्हतं. अक्का पडून असायची आणि मुलगी तिच्यापाशी बसून असायची. तिची कूस बदलायची, तिचे केस विंचरायचे, उन्हाची तिरीप भिंतीवरून सरकते ती दोघींनी बघायची. एक आख्खं प्रकरण अक्काची नखं कापण्याचं. संपादिकेने पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या नखांच्या प्रकरणात ती स्वतः अडकून पडली होती, चहा गार झाला होता, हे तिला आता आठवलं. आणि हेही आठवलं की भानावर आल्यावर आपण समासात पेन्सिलीने लिहिलं, ‘गती नाही’.

अक्का काढायची ठरल्यावर तिने ती मुळापासून काढली. अर्धवट कापलेलं तिला चालत नसे. पानंच्या पानं बाजूला केली, उरलेल्या पानांतून ओळी खोडल्या, मजकूर संगणकावर चढल्यावर ‘अक्का’ हा शब्द शोधायला लावला. अकरा ठिकाणी सापडला, अकराही ठिकाणी गेला. खिडकीतल्या हाताच्या ओळीत तो शब्दच नव्हता, नुसता हात होता. म्हणून तो वाचला. सिस्टरना बोलावून तिने समजावलं होतं, की तुमची गोष्ट फार चांगली आहे, पण मुलांना वेळ नाही, आपण अक्काचा भाग वेगळा काढू, पुढच्या वर्षी, स्वतंत्र पुस्तक करू. ‘एकदा या ना घरी’ म्हणतात त्या सुरात ती ते बोलली होती. सिस्टरनी मांडीवर हात ठेवून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “तुमच्या कामातलं तुम्हाला कळतं.” त्यावर संपादिकेला किती हायसं वाटलं होतं. आता चालता चालता तिच्या लक्षात आलं, की हे वाक्य माणसं डॉक्टरांना म्हणतात. पाय काढावा लागेल असं सांगितल्यावर म्हणतात.

तिची स्वतःची आई शेवटचे सात महिने अंथरुणावर होती. हा विचार येणार हे तिला जिन्यावरच कळलं होतं, आणि इतका वेळ ती त्याला दाराबाहेर थोपवून धरत होती. आईच्या एका अंगावरून वारं गेलं होतं, बोलणं जड झालं होतं. संपादिका रोज संध्याकाळी जायची, मांडीवर प्रुफं घेऊन. आई एक शब्द उच्चारायची, मग दुसऱ्यासाठी झगडायची, आणि तो सापडायच्या आत लेक वाक्य पुरं करून टाकायची. “मला… ते…” “पाणी?” “ती… खाली…” “बाई आली होती का, हो, आली होती.” बहुतेक वेळा बरोबरही असायचं, त्याचा तिला जरा अभिमानच होता. एकदा आई बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “तू… मला…” आणि ही उठली, उशी नीट केली, विचारलं, “पाणी हवंय ना?” आईने मान हलवली नाही की नकार दिला नाही. पाणी पुढे केलं तेव्हा ती निमूटपणे प्यायली. परक्या घरी गेल्यावर नको असलेला चहा माणसाने प्यावा तशी. त्याला आता नऊ वर्षं झाली होती. आईला धुणं-पुसणं, भांडं देणं, कूस बदलणं यासाठी एक बाई ठेवली होती. ती बाई काम करत असताना संपादिका बाहेरच्या खोलीत येऊन थांबायची. आईला संकोच वाटेल, असं ती सगळ्यांना सांगायची.

कचेरीत आल्या आल्या ती मागच्या खोलीतल्या कपाटाशी गेली. कपाटात नव्या मालिकेचे नमुने होते. कचेरीतले जुने शिपाईकाका दारात येऊन उभे राहिले. “काय शोधताय?”

“सिस्टरचं हस्तलिखित. पाठकोऱ्या तक्त्यांवर लिहिलेलं. जाड गठ्ठा होता, नाडी बांधलेला.”

“ते गेलं की. मागल्या वर्षी कपाटं रिकामी केली तेव्हा.”

“गेलं म्हणजे?”

“रद्दीत. यादी केली होती ना आपण. तुम्ही सही केलीत खाली.” काकांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. “मी विचारलं होतं तुम्हाला. म्हटलं, हे हाताने लिहिलेलं आहे, ठेवायचं का. तुम्ही फोनवर होतात. हाताने असं केलंत.” त्यांनी हवेत हात झटकून दाखवला. माशी हाकलावी तसा. तो आपलाच हात आहे हे तिला तत्काळ पटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सिस्टरकडे गेली. आधी फोन केला नाही, कारण फोनवर त्यांनी ‘कशासाठी’ म्हणून विचारलं असतं आणि तिने काहीतरी गुळमुळीत सांगितलं असतं. तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. पलंगावर चादर अशी ताणून बसवलेली की नाणं टाकलं तर उडावं. सिस्टर आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या, वाळलेल्या, ताठ. त्यांनी तिला खुर्ची दिली आणि स्वतः पलंगाच्या कडेवर बसल्या. इकडचं तिकडचं काही बोलल्या नाहीत. संपादिकेने येताना रस्त्यात वाक्यं जुळवली होती, त्यांतलं एकही तिने वापरलं नाही.

“अक्काची पानं,” ती म्हणाली. “माझ्याकडे होती. ती आता नाहीत. रद्दीत गेली. सही माझी आहे.”

खाली रस्त्यावर कुणीतरी लोखंडी दार खडखडत वर सारलं.

“तुमच्याकडे दुसरी प्रत असेल, अशी मला आशा…”

“नाही. तक्त्यावर दोनदा लिहीत नाहीत. एकदाच, आणि बरोबर.” त्यांनी मांडीवरची साडीची निरी सारखी केली. “पुस्तक आलं त्या दिवशी मी पहिल्यापासून शेवटपर्यंत बोट फिरवत गेले. म्हटलं, कुठे असेल तर सापडेल. वॉर्डात सुट्टीवरून परत आलं की आम्ही असंच करायचो, एकेक खाट बघत जायचं. एखादी रिकामी दिसली तर विचारायचं नाही. चादर बदलायची.” त्या थांबल्या. मग त्यांचा चेहरा किंचित सैलावला. “पण तुम्ही हात ठेवलात.”

संपादिकेने वर पाहिलं.

“बाराव्या पानावर. खिडकीतला. तो बघून मला फार बरं वाटलं हो. म्हटलं, बाईंना सगळं काढावं लागलं, त्यांच्या नोकरीचा भाग आहे, पण माझ्यासाठी तेवढं एक ठेवलं त्यांनी. कुणाला कळणार नाही अशा बेताने. मी तुम्हाला पत्र लिहिणार होते तेव्हा. मग वाटलं, लिहिलं तर मालकांच्या नजरेस येईल आणि तेही काढतील. म्हणून नाही लिहिलं.”

खोलीत औषधी साबणाचा स्वच्छ वास होता. संपादिकेला वाटलं, आता नुसती मान हलवली तरी पुरे आहे. खोटं बोलायचीही गरज नाही. ही बाई एवढी वर्षं या एका ओळीवर समाधान मानून राहिली आहे, तिच्या हातून तेही काढून घेऊन कुणाचं भलं होणार आहे? हा विचार शहाणपणाचा होता, दयाळूही होता, आणि त्याचा सूर तिच्या ओळखीचा होता. याच सुरात तिने सिस्टरना स्वतंत्र पुस्तकाचं सांगितलं होतं, याच सुरात त्या मुलीला न सांगण्यातली गंमत सांगितली होती.

“तो मी ठेवला नाही,” ती म्हणाली. “तो राहून गेला. मी ‘अक्का’ शब्द शोधत होते. त्या ओळीत तो नव्हता. दिसला असता तर मी तोही काढला असता.”

सिस्टरनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर संपादिकेला धरायला काहीतरी मिळालं असतं. तापमापक हातात धरून पारा कुठवर आलाय ते बघावं, तशी ती नजर होती. मग त्या म्हणाल्या, “हे सांगायला आलात?”

“नाही. म्हणजे, हो. एका मुलीने विचारलं.” आणि मग तिने ते सगळं सांगितलं. शाळा, तिसरी रांग, बाहीवरचा डाग, खिडकीशी असलेली आई, वर येणारा उजवा हात, चुलीपाशी उभ्या उभ्या वाचलेली चार पानं. आपण तिला काय उत्तर दिलं, तेही सांगितलं. सांगताना तिचा आवाज एका जागी फाटला, तशी ती थांबली. सिस्टरनी पाणी आणून दिलं नाही की पाठीवरून हात फिरवला नाही.

“आईची कूस कोण बदलतं?” त्यांनी विचारलं.

“मला… मुलगीच बदलत असेल.”

“दिवसा? शाळेत असते तेव्हा?”

“माहीत नाही.”

“पाठीला जखमा झाल्यात का? गादी कसली आहे? लघवीला नळी आहे की भांडं?”

“मी विचारलं नाही.”

“दोन वर्षं म्हणालात.” सिस्टर उठल्या आणि कपाट उघडून त्यातल्या बाटल्या आणि कापसाचे गठ्ठे पाहू लागल्या. तिच्याकडे पाठ करूनच त्या बोलल्या. “अक्का गेली ती पाठीच्या जखमेने. आजाराने नाही. मी पोहायला जायचे ना, त्या तासांत तिला कुणी हलवत नसे. चौदा वर्षांच्या पोरीला कुणी सांगितलं नव्हतं की एवढ्याशा लाल डागाचं काय होतं. ते होतं त्या पानांत. शेवटच्या प्रकरणात.” त्यांनी कपाट लावलं. “तुम्ही शेवटचं वाचलं होतंत का?”

संपादिकेने शेवटचं प्रकरण चाळलं होतं. अकरांपैकी सातनंतर तिने चाळायलाच सुरुवात केली होती. “नाही,” ती म्हणाली.

“हं,” सिस्टर म्हणाल्या. “त्या शाळेतल्या बाईंना फोन लावा. विचारा, घरी आलेलं चालेल का.”

शनिवारी शाळा अर्ध्या दिवसाची होती. मुलीने दार उघडलं तेव्हा ती नुकतीच आलेली होती, पायांत अजून बूट होते. तिने संपादिकेला ओळखलं आणि गोंधळून ग्रंथपालबाई सोबत आहेत का ते मागे पाहिलं. सिस्टरनी ओळखीपाळखीत वेळ घालवला नाही. हात कुठे धुवायचे ते विचारलं, कोपरापर्यंत धुतले आणि थेट खिडकीशी गेल्या. मुलीची आई चाळिशीची होती, चेहरा तरतरीत, डोळे खोलीभर फिरणारे. “या,” ती म्हणाली. “मी काही उठत नाही. राग मानू नका.” सिस्टर हसल्या. संपादिकेने त्यांना कधी हसताना पाहिलं नव्हतं. पुढचा अर्धा तास त्या मुलीला शिकवत होत्या. अंगाला धरून ओढायचं नाही, खालच्या चादरीला धरायचं आणि लोटायचं. गुडघ्यांमध्ये उशी. टाचा अधांतरी राहतील असं बघायचं. पाठ रोज उजेडात बघायची, आणि बोटाने दाबून लाली गेली नाही तर त्या दिवशी दुसरं काही राहिलं तरी चालेल, पण त्या कुशीवर ठेवायचं नाही. कमरेच्या खाली तसा एक डाग होता. रुपयाएवढा, गडद. मुलगी तो पाहून पांढरी पडली. “मला वाटलं, चादरीची सुरकुती रुतलीय.”

“तसंच वाटतं,” सिस्टर म्हणाल्या. “मलाही वाटलं होतं. वेळेवर सापडलाय. आता त्याला हरवायचं.” मग, ‘चौथी लेन’ मीच लिहिलं असं म्हणून, त्यांनी तिला अक्काचं सांगितलं. पुस्तकातलं नव्हे, घरातलं. दोन-चार वाक्यांतच, चादरीचा कोपरा गादीखाली खोचता खोचता. मुलगी ऐकत उभी राहिली. “म्हणजे तो हात तिचा होता,” ती म्हणाली. तिने संपादिकेकडे वळून पाहिलं, आणि संपादिकेने तिच्यासमोर उभं राहून सांगितलं, की त्या दिवशी मी तुला खोटं सांगितलं. लेखिकेने काही वाचकावर सोपवलं नव्हतं. अक्का पुस्तकात होती, अकरा प्रकरणं होती, मी ती काढली आणि मग हरवली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते संपादिकेने पुरतं पाहून घेतलं. मान खाली घातली नाही, एवढंच तिला जमलं.

“मी औषधाच्या दुकानात जाऊन मलम आणि गोल उशी घेऊन येते,” सिस्टर चपला घालताना म्हणाल्या. “तोवर ह्या बसतील आईपाशी. तू जा. तुला काय करायचं ते कर.” मुलीला ते कळलंच नाही. काय करायचं ते, म्हणजे काय? ती खोलीच्या मधोमध उभी राहिली, भांड्यांकडे गेली, परत आली, दप्तरातून एक पुस्तक काढलं, पलीकडच्या खोलीत खुर्चीवर जाऊन बसली. पान उलटल्याचा आवाज एकदा आला. मग आला नाही. संपादिकेने वाकून पाहिलं. पुस्तक मांडीवर उपडं पडलं होतं, मान एका खांद्यावर कलली होती, तोंड किंचित उघडं होतं. बूट अजून पायांतच होते.

संपादिका पलंगापाशी येऊन बसली. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसत होती आणि त्या भिंतीवरून उन्हाची एक पट्टी खाली उतरत होती. मुलीची आई तिकडेच पाहत होती. “तुमचं पुस्तक तिने मला वाचून दाखवलं,” ती म्हणाली. “तीन दिवसांत संपलं. चिडली होती. म्हणाली, एवढ्यात काय संपलं.” कितीतरी वेळ दोघी नुसत्या बसून होत्या. तिला पर्समधल्या फोनची आठवण झाली, सोमवारच्या प्रुफांची झाली, सिस्टर अजून कशा आल्या नाहीत असंही वाटलं; एकेक विचार यायचा, थोडा वेळ थांबायचा, आणि त्याचं कुणी काही करत नाही असं बघून निघून जायचा. आपण नखांचं प्रकरण वाचताना कुठे अडकलो होतो ते तिला आठवायचं होतं. एक ओळसुद्धा आठवली नाही.

“ऐका,” मुलीची आई हलक्या आवाजात म्हणाली. “मला भांडं लागेल. एरवी मी तिला हाक मारते.” तिने पलीकडच्या खोलीकडे पाहिलं. “दुपारची कधी झोपत नाही ती. नर्सबाई येईपर्यंत थांबायला बघितलं, पण आता नाही थांबवत.”

संपादिका उठून उभी राहिली. बाहेरची खोली चार पावलांवर होती. “मी देते,” ती म्हणाली. “मला येत नाही पण. मी कधी केलेलं नाही.”

“मी सांगते तसं करा. पलंगाखाली आहे. आधी बांगड्या वर सारा, नाही तर अडकतात.” संपादिकेने बांगड्या वर सारल्या, बाह्या दुमडल्या. खाली वाकून तिने भांडं काढलं. ते थंड होतं, म्हणून तिने ते कडेकडेने तळहातांनी चोळून जरा कोमट केलं. मग एक हात त्या बाईच्या कमरेखाली सारला. अंगाची ऊब, मलमलीसारखी झिजलेली चादर, आणि एका माणसाचं खरंखुरं वजन तिच्या मनगटावर आलं. भांडं तिरपं झालं, ती घाबरून दुसऱ्या हाताने ते सावरायला गेली.

“सावकाश,” ती बाई म्हणाली. “मला कुठं जायचंय?”